मुलाला ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन सांगितलंय, काय बघून सुरू करावं?

पाचोरा रोड

नमस्कार मंडळी. मी पाचोरा तालुक्यातला शेतकरी, कापूस आणि थोडी केळी. मुलगा अकरा वर्षांचा, सहावीत. उंची १२४ सेंटिमीटर, वजन २३ किलो. लहान बहीण चौथीत आहे, ती यंदा उंचीला त्याच्या बरोबरीची झाली. तेव्हापासून तो फोटो काढताना तिच्या शेजारी उभा राहत नाही. शाळेच्या नोंदवहीत मागच्या जूनला १२१ लिहिलंय, म्हणजे वर्षभरात ३ सेंटिमीटरच. माझी उंची १६८, त्याच्या आईची १५४.

जळगावच्या बालरोगतज्ज्ञांनी नाशिकला हार्मोनच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डाव्या मनगटाचा एक्स-रे काढला, हाडांचं वय ८ वर्षं निघालं. थायरॉइड, टीटीजी (गहू न सोसण्याच्या आजाराची तपासणी), किडनी, लिव्हर सगळं ठीक. मग दोन वेगळ्या दिवशी उपाशीपोटी नेऊन स्टिम्युलेशन टेस्ट केली, म्हणजे औषध देऊन हार्मोन किती वर जातं ते बघायची, थोड्या थोड्या वेळाने रक्त घेतलं. हार्मोन एकदा ३.१ पर्यंत गेलं, दुसऱ्यांदा ४ च्या पुढे गेलं नाही. एमआरआयमध्ये पिट्युटरी, म्हणजे मेंदूखालची हार्मोन बनवणारी ग्रंथी, लहान आहे, गाठ नाही. ग्रोथ हार्मोनची कमतरता असं निदान लिहून रोज रात्री २ युनिट सांगितलंय, आणि ते काही वर्षं चालेल म्हणाले.

घरात एकमत नाही. माझी आई म्हणते, "तुना बाप बी उशिराच वाढना, व्हई जाई." शालक म्हणतो, या इंजेक्शनने कॅन्सर होतो. गावातल्या जिमचा एक पोरगा म्हणतो, हेच इंजेक्शन अर्ध्या किमतीत आणून देतो. औषधाचा खर्च महिन्याला पाच आकडी सांगितलाय, तो कसातरी उभा करेल, पण लेकराच्या अंगात काही चुकीचं जायला नको. शिवाय आमच्याकडे लाइटीचा भरवसा नाही आणि हे फ्रिजमध्येच ठेवायचं म्हणतात. ज्यांनी घरात हे केलंय त्यांनी सांगा.

शहाद्याचे मास्तर

भाऊ, तपासण्या नीट झाल्यासारख्या दिसतात. यादीत एकच गोष्ट दिसली नाही म्हणून विचारतो: सिकलसेल, म्हणजे तो रक्तातला आनुवंशिक आजार, बघितली का? नंदुरबार जिल्ह्यात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात हा आजार भरपूर आहे. माझ्या वर्गात दरवर्षी एखादं तरी असं लेकरू असतं, जे बारीक, ठेंगणं, सारखे हातपाय दुखतात म्हणून गैरहजर. सिकलसेलच्या मुलाची वाढ मागे पडते, वयात यायलाही उशीर होतो, आणि तिथे उपचार त्या आजाराचा करायचा असतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात साधी सोल्युबिलिटी चाचणी होते, त्यात आलं तर पुढची पक्की तपासणी. तुमच्या मुलाला असेल असं म्हणत नाही, पण हा धागा धडगाव-अक्कलकुव्याकडचंही कोणी वाचेल. त्यांच्यासाठी तर आधी पोट, रक्त, जंत आणि ताटात काय पडतं हे बघणं पहिलं. उपाशी राहणाऱ्या मुलाला हार्मोन टोचून उंची येत नाही.

दुसरं, शाळेतल्या नोंदीवर पूर्ण भरवसा ठेवू नका. आमच्याकडे भिंतीवर चिकटवलेल्या पट्टीने मोजतात आणि निम्मी मुलं टाचा उचलतात. अनवाणी, टाचा, नितंब आणि पाठ भिंतीला, नजर समोर, डोक्यावर कडक पुठ्ठा सपाट धरून मोजा. दर तीन महिन्यांनी त्याच भिंतीला, त्याच माणसाने.

तापीकाठ (भुसावळ)

पाचोऱ्याचे भाऊ, माझी मुलगी हे इंजेक्शन घेते, म्हणून मी सविस्तर सांगेल.

तिचं कारण वेगळं आहे. तिला टर्नर सिंड्रोम आहे, म्हणजे मुलींमधल्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक नसणं किंवा अर्धवट असणं. दोन-अडीच हजार मुलींमागे एकीला असतं. नऊ वर्षांची होईपर्यंत लोक मला म्हणायचे, मुलगी आहे, राहिली ठेंगणी तर राहिली, काय बिघडतं? बिघडतं. टर्नरमध्ये हृदय, किडनी, कान सगळंच तपासावं लागतं, आणि ठेंगणेपणा ही त्याची वरून दिसणारी एकच खूण होती. म्हणून इथल्या सगळ्या आयांना माझं हात जोडून सांगणं आहे, की मुलगी वयाच्या मानाने ठेंगणी असेल आणि कारण सापडत नसेल तर कॅरिओटाइपची, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी मागा. मुलाला जितक्या लवकर डॉक्टरकडे नेतात तितक्या लवकर मुलीला नेत नाहीत. नाशिकच्या त्या बाकड्यावर बसून हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आता तुमच्या आईंचं म्हणणं. उशिरा वाढणारी घराणी असतात, हाव. त्या मुलांचंही हाडांचं वय मागेच असतं. पण ती मुलं वर्षाला ५ सेंटिमीटरच्या आसपास वाढत राहतात आणि वयात आली की भरून काढतात. तुमचा मुलगा ३ वर अडकलाय आणि दोन्ही टेस्टमध्ये हार्मोन खाली आलंय. १० च्या खाली म्हणजे कमी असं बरेच डॉक्टर धरतात, काही ठिकाणी ७ धरतात. तुमचे आकडे दोन्हींच्या खाली आहेत. तुमची आणि वहिनींची उंची मिळवून त्यात १३ घाला आणि निम्मं करा, १६७.५ येतात. मुलाची उंची साधारण त्याच्या आगेमागे जायला हवी. हाडांची टोकं एकदा जुळली की कितीही हार्मोन द्या, उंची वाढत नाही. त्यामुळे वाट बघण्याचीही किंमत असते हे आजीबाईंना शांतपणे समजावा. त्यांना बोलू नका, त्या नातवाच्या काळजीनेच म्हणतात.

कॅन्सरची भीती मलाही होती आणि मी डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं. आधी जुना इतिहास समजून घ्या. १९५८ पासून हे हार्मोन मेलेल्या माणसांच्या पिट्युटरी ग्रंथीतून काढत. त्यातून काही मुलांना पुढे मेंदूचा एक असाध्य आजार झाला, क्रॉइट्झफेल्ड-याकोब नावाचा, आणि १९८५ मध्ये अमेरिका-इंग्लंडमध्ये ते बंद केलं. त्याच वर्षी जिवाणूंकडून बनवून घेतलेलं कृत्रिम हार्मोन मंजूर झालं. आज मिळतं ते असंच प्रयोगशाळेत बनवलेलं, मेलेल्या माणसाचा त्यात काही संबंध नाही. कॅन्सरचं म्हणाल तर युरोपातल्या आठ देशांत लहानपणी हे कृत्रिम हार्मोन घेतलेल्या सुमारे २४ हजार लोकांचा पुढे माग काढला गेला. ज्यांची नुसती वाढ कमी होती, दुसरा मोठा आजार नव्हता, त्यांच्यात कॅन्सर स्पष्टपणे वाढल्याचं दिसलं नाही. ज्या मुलाला आधीच गाठ होऊन गेली, रेडिएशन मिळालं, त्याची गोष्ट वेगळी, तिथे कॅन्सरच्या डॉक्टरांची संमती घेऊनच सुरू करतात. आणि अंगात कॅन्सर चालू असेल तर हे देतच नाहीत. तुमच्या मुलाचा एमआरआय आधीच झालाय, त्यात गाठ नाही, हे शालकाला दाखवा.

पण धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही. कशावर नजर ठेवायची ते आमच्या डॉक्टरांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिलं होतं, ते मी अजून जपलंय. डोकं सारखं दुखणं, सकाळी उलटी, धूसर दिसणं: हे मेंदूभोवतालचा दाब वाढल्याचं लक्षण असू शकतं, बहुतेक सुरुवातीच्या दोन महिन्यांत होतं, त्याच दिवशी फोन करायचा आणि डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा. लंगडणं, मांडीच्या सांध्यात दुखणं, आणि हे नीट ऐका, नुसता गुडघा दुखणंसुद्धा: मांडीच्या हाडाचं टोक जागेवरून सरकलेलं असू शकतं. पोरगं कबड्डी खेळून आलं, मुरगळलं असेल, असं म्हणून तेल चोळत बसायचं नाही, एक्स-रे काढायचा. पाठीला बाक असेल तर तो झपाट्याने वाढू शकतो, म्हणून दर भेटीला वाकवून पाठ बघतात. खूप तहान, सारखी लघवी झाली तर साखर तपासायची. आणि थायरॉइड आधी ठीक असला तरी इंजेक्शन सुरू झाल्यावर कमी पडू शकतो, तो पुन्हा पुन्हा बघावा लागतो.

आमची भेट दर तीन महिन्यांनी असते. उंची, वजन, पाठ. सहा महिन्यांनी आयजीएफ-१ म्हणून रक्ताची तपासणी, त्यावरून डोस जास्त होतोय की कमी ते कळतं. वर्षाकाठी मनगटाचा एक्स-रे. औषध दुकानातून मिळत राहिलं म्हणून या भेटी चुकवणारे पालक मी बघितलेत. पैसे वाचत नाहीत त्याने, कारण वजन वाढलं की डोस बदलतो आणि जुन्याच डोसवर अर्धं वर्ष फुकट जातं. हार्मोन कमी असलेलं मूल पहिल्या वर्षी ८-१० सेंटिमीटर, कधी त्याहून जास्त वाढतं. तुमच्याकडे वर्षभरात काहीच हललं नाही तर निदान पुन्हा तपासायला लावा, नुसता डोस वाढवून घेऊ नका.

फ्रिजचं. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तुम्हाला सांगायला नको. या औषधाला २ ते ८ अंश लागतात. मधल्या फळीवर, मागच्या भिंतीला न टेकवता, डब्यात. दारात नको, दार सारखं उघडतं. बर्फाच्या कप्प्याजवळ तर मुळीच नको, कारण एकदा गोठलं की ते औषध फेकायचं, वितळवून वापरायचं नाही. उष्णतेपेक्षा गोठण्यानेच जास्त पेनं (औषध भरलेली, टोचायची) वाया गेलेली मी ऐकलीत. फ्रिजमध्ये छोटा थर्मामीटर ठेवा. लाइट गेली की घरातल्या सगळ्यांना ताकीद द्या, दार उघडायचं नाही. बंद फ्रिज चारेक तास थंडावा धरतो. त्याहून लांबलं तर थर्मासमध्ये बर्फाची पिशवी, तिच्याभोवती जाड टॉवेल, मग पेन. पेन बर्फाला थेट लागता कामा नये.

टोचायचं कसं ते नर्स शिकवेल. मांडी, पोट, नितंब, रोज जागा बदलायची, नाहीतर तिथली चरबी खड्ड्यासारखी आत जाते. बाटली किंवा पेन खळाखळा हलवायचं नाही, हळूच फिरवायचं. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या डब्यात, भरला की दवाखान्यात.

आणि एक. तुमच्या मुलाला २ युनिट, माझ्या मुलीला वजनाच्या मानाने जास्त, कारण टर्नरमध्ये डोसच वरचा लागतो. दुसऱ्याच्या लेकराचा आकडा बघून आपल्या डॉक्टरवर शंका घेऊ नका.

खान्देशी पैलवान

मी दोन महिने घेतलंय जिमच्या सरांकडून, काही झालं नाही. डॉक्टर लोक उगाच पैसा काढतात. पाचोऱ्याच्या भाऊंनी जिमवाल्याकडून घ्यावं.

अमळनेर मेडिकल

पैलवान, तुमच्यावर राग नाही, पण ही सूचना लहान मुलाच्या बापाला करू नका. मी औषधाचं दुकान चालवतो. जिमच्या पिशवीतून येणाऱ्या बाटलीवर लेबल असतं, पण आत काय आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. ती कुठून आली, रस्त्यात उन्हात किती तास पडली, कोणीच सांगू शकत नाही. गरम झालेलं हार्मोन दिसायला पाण्यासारखंच स्वच्छ दिसू शकतं. मुलाला रोज टोचत राहाल आणि वर्षाने उंची तिथेच.

पाचोऱ्याच्या भाऊंनी बिल घेऊन, बॅच नंबर आणि मुदत बघून घ्यावं. दुकानदार फ्रिजमधून काढून थंड पॅकमध्येच देतोय ना, हे समोर उभं राहून बघावं. मी तर गिऱ्हाइकाला सांगतो, मे महिन्यात सकाळी लवकर या, दुपारच्या एसटीने नेऊ नका.

आता डोसबद्दल, कारण खरा घोटाळा इथे होतो. १ मिलिग्रॅम म्हणजे ३ युनिट. मुलांना कमतरतेसाठी दर किलोला रोज ०.०२५ ते ०.०५ मिलिग्रॅम या हद्दीत देतात. २३ किलोला साधारण पावणेदोन ते साडेतीन युनिट झाले, तुमचे २ युनिट त्यात बसतात. पेन घेतलं तर आकडा पेनवरच फिरवायचा असतो, पण काही पेनांवर मिलिग्रॅम असतात, काहींवर युनिट. २ युनिटच्या जागी २ मिलिग्रॅम गेले की तिप्पट डोस झाला. चिठ्ठीवर दोन्ही आकडे लिहून घ्या.

बाटली आणि पावडर घेतली तर आणखी जपा. तिथे लोक इन्सुलिनची सिरिंज वापरतात. त्या सिरिंजवरचे आकडे इन्सुलिनचे युनिट आहेत, हार्मोनचे नाहीत. समजा ४ युनिटची बाटली १ मिलिलिटर पाण्यात विरघळवली. ४० खुणांची सिरिंज पूर्ण भरली म्हणजे १ मिलिलिटर, म्हणजे ४ युनिट. २ युनिटला २० च्या खुणेपर्यंत ओढायचं. कोणी २ च्या खुणेपर्यंत ओढलं तर डोस दहापट कमी जातो. १०० खुणांची सिरिंज आली की हिशोब पुन्हा बदलतो. म्हणून पहिल्या वेळी नर्सकडून सिरिंजवर पेनाने रेघ मारून घ्या आणि पुढे तीच कंपनी, तीच सिरिंज ठेवा. एकदा विरघळवलेली बाटली किंवा उघडलेलं पेन किती दिवस चालतं ते कंपनीनुसार वेगळं असतं. पुठ्ठ्यावर लिहिलेलं पाळा आणि उघडल्याची तारीख वर टाका. आठवड्यातून एकदा घ्यायची नवी इंजेक्शनं निघाली आहेत, त्यांचे आकडे पूर्ण वेगळे, रोजच्याशी त्यांची सरमिसळ करू नका.

पांझरा (धुळे)

मी मोठ्यांमधला पेशंट. पिट्युटरीच्या गाठीचं ऑपरेशन झालं, त्यानंतर माझी ग्रंथी जवळपास बंद पडली. आधी हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसोल या हार्मोनच्या जागी) आणि थायरॉइडची गोळी बसवली, एमआरआयमध्ये गाठ परत आलेली नाही हे बघितलं, मगच ग्रोथ हार्मोन सुरू झालं. हा क्रम महत्त्वाचा आहे. पाचोऱ्याच्या भाऊ, तुमच्या मुलाची ग्रंथी लहान आहे, तर कॉर्टिसोल, म्हणजे आजारपणात अंग सावरून धरणारं हार्मोन, तपासलंय का ते आवर्जून विचारा. कॉर्टिसोल काठावर असेल तर ग्रोथ हार्मोन सुरू केल्यावर त्याची कमतरता उघडी पडू शकते, आणि ताप-उलटीत पोरगं एकदम गळून पडू शकतं.

मोठ्यांना उंचीसाठी देत नाहीत. माझी ताकद गेली होती, पोटावर चरबी, हाडं ठिसूळ. डोस मुलांच्या मानाने फार छोटा. मला रोज ०.२ मिलिग्रॅमने सुरू केलं आणि आयजीएफ-१ बघत हळूहळू वाढवलं. मध्ये हाताच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या, सकाळी अंगठी निघेना. अंगात पाणी धरल्याने मनगटातली नस दाबली जाते म्हणाले, डोस एक पायरी उतरवला, थांबलं. साखर वर्षातून दोनदा बघतो, कारण हे हार्मोन इन्सुलिनच्या विरोधात काम करतं. ज्यांना मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या फुटल्यात त्यांना हे चालत नाही. बायकांनी एस्ट्रोजेनच्या गोळ्या चालू असतील तर सांगावं, त्यात डोस जास्त लागतो.

पैलवान, तुम्ही घेतलं तेव्हा आयजीएफ-१ कोणी मोजलं? साखर कोणी बघितली? ज्याच्या अंगात हार्मोन पुरेसं आहे त्याने वरून घेतलं की हात-पाय-जबडा जाडावणं, मधुमेह, बीपी, हृदयाचा स्नायू जाड होणं, हे सगळं येऊ शकतं. कुस्तीच्या मोठ्या स्पर्धेत उतरायचं असेल तर ते जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत आहे. बंद करा आणि एकदा साखर तपासून या. तुम्ही तरुण आहात, मनापासून सांगतोय.

भाऊ, मुलाची उंची पूर्ण झाली की इंजेक्शन थांबवून महिनाभराने किंवा त्यानंतर पुन्हा टेस्ट करतात. बऱ्याच मुलांना पुढे गरज राहत नाही. ज्यांची कमतरता तशीच राहते त्यांचं माझ्यासारख्या छोट्या डोसवर चालू राहतं. ही फाइल फेकू नका.

पाचोरा रोड

सगळ्यांचे आभार. ताई, तुमचं पूर्ण वाचून आईला मोठ्याने ऐकवलं. ती म्हणाली, मंग करा. कॉर्टिसोल आधीच तपासलंय, फाइलमध्ये सापडलं, ठीक आहे. सिकलसेलची चाचणी उद्या आरोग्य केंद्रात करतो. दोन शंका राहिल्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुलं आईबरोबर मामाकडे चोपड्याला जातात, ऐन उन्हात. तेव्हा चारेक दिवस इंजेक्शन बंद ठेवलं तर चालेल का? आणि मुलाला सांगायचं काय? तो विचारतो, माझ्यात काय खराब आहे.

तापीकाठ (भुसावळ)

भाऊ, एखादी रात्र चुकली तर घाबरू नका, दुसऱ्या दिवशी नेहमीचाच डोस द्या, दुप्पट देऊ नका. पण आखाजीचे चार दिवस मुद्दाम बंद ठेवू नका. अशाच सुट्ट्या, लग्नं, कानबाईचा सण धरत गेलं की वर्षात किती रात्री जातात ते कळतही नाही. चोपड्याला पेन न्या. सकाळच्या पहिल्या गाडीने निघा, थर्मास मांडीवर ठेवा, डिकीत नको, आणि मामीला आधीच फोन करून फ्रिजच्या मधल्या फळीवर जागा करून घ्या. ताप-उलटी झाली तर डॉक्टरांना फोन करून विचारा, आपल्या मनाने काही ठरवू नका.

मुलाला खरं सांगा. सांगा, की डोक्यातली एक वाटाण्याएवढी ग्रंथी वाढीचं रसायन कमी बनवते, ते आपण बाहेरून देतोय, त्यात त्याचा काही दोष नाही. फुटबॉल बघत असेल तर मेस्सीलाही लहानपणी हेच झालं होतं आणि त्याने हेच इंजेक्शन घेतलं हेही सांगा. माझ्या मुलीला पहिल्यापासून पेनचा आकडा मी फिरवू दिला, बटण मी दाबायचे. आता ती स्वतः टोचून घेते, मी फक्त समोर बसून आकडा बघते. अकरा वर्षांचा आहे, त्याला आकडा फिरवू द्या, पण शेवटची नजर तुमची किंवा वहिनींचीच असू द्या.

सिकलसेलचा रिपोर्ट आला की इथे टाका.